दुकान दहा ते नऊ. मग खायचे कधी?

वजन कमी कसे करावे, असे विचारणारे वाचक पुष्कळ असतात. वजन वाढत नाही म्हणून विचारणारे मात्र थोडे, आणि तेही दबक्या आवाजात विचारतात. कारण जाडी सांगितली तर लोक सल्ला देतात आणि किडकिडीतपणा सांगितला तर हसतात. आजचा लेख या दुसऱ्या मंडळींसाठी आहे. त्यातही जे दिवसभर कामाला जुंपलेले असतात, त्यांच्यासाठी.

आमच्या गावच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात काम करणारा एक तरुण दीडेक वर्षापूर्वी माझ्याकडे आला. वय २६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. त्याला विचारूनच ही हकिकत लिहितो आहे. नाव तेवढे राहू द्या. बरोबर आई होती. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, दोन स्थळं आली आणि मुलगा बघून परत गेली. काही टॉनिक द्या.”

उंचीच्या मानाने वजन किती असावे, याचा हिशेब सोपा आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागायचे. उत्तर १८.५ च्या खाली आले तर वजन कमी समजतात. या मुलाचे उत्तर १६.३ होते. म्हणजे निदान ५२ किलो तरी हवे, सहा किलोंची तूट.

अशा वेळी आधी आजार नाही ना, हे पाहावे लागते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री घाम, ही क्षयाची लक्षणे. फार तहान आणि वारंवार लघवी असेल तर मधुमेह. भरपूर भूक आहे, खाणे आहे, तरी अंग झडते, छाती धडधडते, हात थरथरतात, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथी तपासावी. जंत, जुनाट जुलाब, दारू, तंबाखू-मावा यांचीही चौकशी करावी लागते. तंबाखूने भूक मरते, हे खाणाऱ्यालाच कळत नाही. जो जन्मापासून सडपातळ आहे त्याची गोष्ट निराळी. पण ज्याचे वजन काही न करता सहा महिन्यांत तीन-चार किलोंनी उतरले, त्याने लाडू खात घरी बसू नये, डॉक्टर गाठावा. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि नोंदणी झालेल्या रुग्णाला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. २०१८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा ते ५०० होते.

या मुलाची थुंकी, छातीचा फोटो, रक्त, सारे निर्मळ निघाले. मग मी काय केले? भुकेचे टॉनिक लिहिले, “दूध, केळी, तूप भरपूर खात जा” असे सांगितले आणि वाटेला लावले. बाहेर तीस माणसे बसली होती. ही माझी चूक, आणि तिची किंमत त्या मुलाने मोजली.

सहा-सात महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा दारातून मी ओळखलेच नाही. चेहरा पुरणपोळीसारखा गोल, गाल तुकतुकीत, पोट पुढे. हातपाय मात्र होते तसेच काड्या. वजन ५३. आई खुशीत होती. मुलगा मात्र म्हणाला, “जिना चढताना मांड्यांत जीव राहत नाही.” रक्तदाब तपासला तर १५०/९६. साखर वाढलेली. खोदून विचारल्यावर कळले की, कोणाच्या तरी सांगण्यावरून तो वजन वाढवणाऱ्या पुड्या घेत होता. पुडीवर नाव नाही, गाव नाही, घटक तर नाहीतच.

अशा बेनावाच्या पुड्या-गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडते. स्टेरॉइड हे जीव वाचवणारे औषध आहे. दमा, संधिवात, आणखी कितीतरी आजारांत आम्हीच ते देतो, पण मोजून आणि लक्ष ठेवून. तेच महिनोन्‌महिने आंधळेपणाने घेतले की अंगात पाणी साठते, चरबी चेहऱ्यावर आणि पोटावर जमते, दंड-मांड्यांचे स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, साखर चढते आणि शरीरात दबून बसलेला क्षय डोके वर काढू शकतो. काट्यावर वाढलेले दिसते ते हे असे वजन! आणखी एक धोका पुष्कळांना ठाऊक नसतो. बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की मूत्रपिंडावरच्या ज्या ग्रंथी ते शरीरात तयार करतात, त्या झोपी जातात. पुडी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. म्हणून अशा पुड्या घेत असाल तर घाबरून नाल्यात फेकू नका. पुडी खिशात घालून डॉक्टरकडे जा. औषध पायरीपायरीने उतरवावे लागते.

मी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञांकडे पाठवले. दोन-अडीच महिन्यांत औषध सुटले, साखर आणि रक्तदाब ठिकाणावर आले. वजनही ठिकाणावर आले, म्हणजे पुन्हा ४६!

या खेपेला मी त्याला रविवारी दुपारी बोलावले आणि पहिल्या भेटीत जे विचारायला हवे होते ते विचारले. दिवस कसा जातो, घड्याळ लावून सांग.

सकाळी सातला चहा आणि दोन टोस्ट. साडेनऊला घरीच जेवण: दोन चपात्या, भाजी, थोडा वरणभात. दहाला दुकान. मग रात्री नऊपर्यंत पेठेतला अर्ध्या कपाचा चहा सहा वेळा आणि पाचच्या सुमारास एक वडापाव. घरी यायला साडेनऊ. तेव्हा दीड-दोन भाकरी, पिठले, थोडा भात. आणि दमलेला असल्याने तेही धड नाही. डबा का नेत नाहीस, असे विचारले तर म्हणाला, “गिऱ्हाईक समोर असताना डबा कसा उघडायचा? आणि जेवण तर घरून करूनच निघतो.”

हिशेब मांडला. टोस्ट-चहा १५० उष्मांक, सकाळचे जेवण ५५०, सहा चहा २४०, वडापाव ३००, रात्रीचे जेवण ६५०. एकूण १,९०० च्या आसपास. दिवसभर उभे राहायचे, मांडणीवरून तागे काढायचे, घड्या घालायच्या. एवढे त्यातच खर्ची पडते. शिल्लक शून्य, म्हणून वजन जिथल्या तिथे. पण मला जास्त खटकले ते घड्याळ. साडेनऊ ते साडेनऊ, बारा तासांत एक वडापाव! मी दिलेले दूध-तूप-केळ्यांचे व्याख्यान या बारा तासांत बसणार कुठे?

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक. रोज ४०० जादा पोटात गेले तर कागदावर महिन्याला दीड किलो वाढते. प्रत्यक्षात एखादा दिवस चुकतो, शरीरही थोडे जास्त खर्चते. एक किलो वाढले तरी उत्तम समजावे. याहून घाई करू नये.

आता हे ४०० आणायचे कुठून? कमी भुकेच्या माणसाला ताट वाढून देऊन उपयोग नसतो, दोन घासांत त्याचे पोट भरते. त्याला थोडक्या घासात जास्त बळ देणारे पदार्थ हवेत. पिष्ट आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममधून ४ उष्मांक मिळतात, स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून ९. शेंगदाणा याच कारणाने या कामी राजा आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत १७० उष्मांक आणि सात ग्रॅमवर प्रथिने. तेवढे उष्मांक काकडीतून मिळवायचे तर किलोभर खाऊनही पुरणार नाहीत. आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याला शेंगदाण्याचे कौतुक मी काय सांगावे!

मात्र आपल्याकडचा उन्हाळाही विसरून चालत नाही. पारा चाळीसच्या पुढे गेला की दुकानात ठेवलेले दूध दुपारपर्यंत टिकत नाही, भाजीचा डबा आंबतो. म्हणून दुकानात, गाडीवर, शेतावर न्यायचे ते कोरडे हवे: दाणे-गुळाचा लाडू, फुटाणे, खजूर, शेंगा चटणी, कडक भाकरी. आपल्या आज्या वारीला निघताना नेमके हेच बांधून देत. दाणे घेताना मात्र पाहून घ्या. बुरशी आलेले, काळपट, कडवट दाणे निवडून टाका. त्या बुरशीचे विष यकृताला बाधते.

त्याच्यासाठी जे ठरले ते असे. सकाळी टोस्टऐवजी पेलाभर म्हशीचे दूध आणि एक केळे. यातून दीडशे उष्मांक वाढले. दुपारी साडेबाराला एक दाण्याचा लाडू आणि मूठभर फुटाणे, सुमारे २९०. याला पाच मिनिटे पुरतात, ताट लागत नाही, हात खरकटा होत नाही. पाचला वडापावऐवजी चपातीला तेल-शेंगा चटणी लावून केलेली गुंडाळी; उष्मांक जवळपास तेवढेच, पण प्रथिने जास्त आणि रोजचे पैसे वाचले. रात्रीच्या पिठल्यावर दोन छोटे चमचे तेल किंवा तूप वरून, ९०. चहा सहाचे तीन केले, त्यात १२० गेले. वजाबाकी करून हातात चारशे राहिले.

चहाबद्दल त्याने बरीच घासाघीस केली. साखर-दुधामुळे चहात थोडे उष्मांक असतात हे खरे, पण दर तासाला घोट घेतला की भूक उमलतच नाही. शिवाय जेवणाला लागून चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी लागत नाही. खाल्ल्यावर तासाभराने घ्या, माझी हरकत नाही. (मी स्वतः चार घेतो.) जेवणाआधी तांब्याभर पाणी पिण्याची सवयही अशा माणसाने मोडावी, पाणी मागाहून प्यावे.

हे सगळे कागदावर झाले. पण साडेबाराची पाच मिनिटे त्याच्या हातात नव्हती, मालकाच्या हातात होती. मी मालकांना चिठ्ठी लिहिली: यास दुपारी व संध्याकाळी पाच-पाच मिनिटे खाण्यास मोकळीक द्यावी. चिठ्ठी घेऊन ते स्वतःच दवाखान्यात आले. वजन ९४ किलो, जुना मधुमेह. म्हणाले, “डॉक्टर, मोकळीक देतो. पण पोरगा लाडू खाताना मी काय नुसता बघत बसू?” त्यांना लाडू नाही, पण फुटाण्यांची परवानगी दिली. तेव्हापासून दुकानातले चारही नोकर पाळीपाळीने मागच्या खोलीत जाऊन काहीतरी खाऊन येतात. उभ्याने काम करणाऱ्याला खायला वेळ द्यावा लागतो, हे आपल्या पेठेत कोणाला सुचत नाही असे नाही. पण नोकर मागत नाही आणि मालक विचारत नाही.

एस. टी.च्या वाहक-चालकांनी हीच रीत डेपोच्या वेळापत्रकाला जोडावी. सुटण्याआधी एक खाणे, पोहोचल्यावर एक, मग घराची वेळ कोणतीही असो. अंडी चालत असतील तर उकडलेली दोन अंडी डब्यात न्यावीत. दीडशे उष्मांक, बारा ग्रॅम प्रथिने. उन्हाळ्यात ती दुपारच्या आत संपवावीत.

नोकरी करणाऱ्या बायकांचे दुखणे वेगळे. शाळेची किंवा अंगणवाडीची घाई, सगळ्यांचे डबे भरायचे आणि स्वतः उभ्याने उरलेली अर्धी चपाती खाऊन निघायचे. रात्रीही शेवटी बसायचे, पातेल्यात असेल त्यावर. अशा सडपातळ स्त्रीचे रक्त आधी तपासा. तिला दिवस जायचे असतील तर हा प्रश्न तिच्या एकटीचा राहत नाही. आईचे वजन कमी असले की बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याचा संभव वाढतो. तिचा लाडू आणि फुटाणे सकाळी सर्वांच्या डब्यांबरोबर आधी भरावेत, आणि ते काम घरातील दुसऱ्या कोणी केले तर अधिक चांगले.

एक गोष्ट राहिली. नुसते खाऊन बसून राहिले तर वाढ पोटावर जाते. स्नायू भरायचे तर त्यांना काम द्यावे लागते. मी त्याला आठवड्यातून तीन दिवस सकाळी वीस मिनिटे जोर-बैठका सांगितल्या. पहिल्या दिवशी चार जोर निघाले. डबाबंद प्रथिनांची पावडर त्याने विचारलीच. महिन्याला हजारो रुपये घालवण्याजोगे त्यात काही नाही, दूध-डाळ-दाणे पुरतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हा लेख वाचून परस्पर काही सुरू करू नये.

वजन रोज पाहू नये. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी अनशापोटी. तो शेजारच्या धान्य दुकानातल्या काट्यावर उभा राहतो आणि आकडा कापडाच्या बिलबुकाच्या मागे लिहितो. पहिल्या महिन्यात फक्त अर्धा किलो वाढले, तेव्हा त्याचा धीर सुटला होता. दुसऱ्या महिन्यात सव्वा किलो. लग्नसराईच्या गर्दीत एका महिन्यात काहीच नाही, कारण दुपारचा लाडू रोज खिशातच राहून परत येत असे. पाच महिने झाले तेव्हा काटा ५१ वर होता, जोर पंचवीस निघत होते आणि चेहरा त्याचा स्वतःचा होता.

आई परवा येऊन गेली. एक स्थळ पुन्हा चौकशी करते आहे म्हणाली. मी विचारले, दुपारचे खाणे चालू आहे ना? तर म्हणाली, “चालू आहे, पण आता दोन लाडू मागतो.”