माहेर तुटले तरी तपासणी तुटू नये

आंतरधर्मीय विवाह कायद्याला मान्य आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे मुलगा २१ व मुलगी १८ वर्षांची असावी लागते. नोटिशीनंतर ३० दिवसांत कायदेशीर हरकत न आल्यास तीन साक्षीदारांसमोर लग्न लागते. धर्म बदलावा लागत नाही. दवाखान्यात मला दिसतो तो त्यानंतरचा अबोला.

आपल्या जुन्नर-आंबेगावकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. माहेरचे दार बंद झाले की, कुठे जायचे हेच मुलीला कळत नाही. तपासण्या राहतात, लोहाच्या गोळ्या राहतात, झोप उडते. इकडे तिची आई चक्कर येते म्हणून येते. बी.पी. वाढलेले असते, कारण काळजीपोटी जेवण आणि गोळ्या दोन्ही सुटलेले असते.

"दोन धर्मांचे रक्त जुळेल का हो डॉक्टर?" असे विचारले जाते. रक्तगटाला धर्म नसतो. मात्र कोणत्याही जोडप्याने रक्तगट व थॅलेसेमियाची तपासणी करावी. पत्नीचा गट निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

गरोदर मुलीने पहिल्या तीन महिन्यांतच सरकारी दवाखान्यात नाव नोंदवावे. मन खचल्यास १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर मोफत बोलता येते.

आणि आईवडिलांनो, लग्न पटले नसेल तर नसो. पण "तपासणीला गेलीस का, बाळा?" एवढे तरी विचारा. तो निरोप औषधाइतकाच गरजेचा आहे.