जर्नल सुबक, हात कोरे

अंधेरी एमआयडीसीतली एक टेस्टिंग लॅब, 2006 चा जून. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझं जर्नल चाळलं. पानोपानी सरांची लाल सही. "छान. आता एक प्लेट स्ट्रीक करून दाखवा," त्या म्हणाल्या. समोर बर्नर, अगारची प्लेट, नायक्रोमची लूप. मी लूप लालभडक तापवली आणि तशीच कल्चरमध्ये बुडवली. चर्र आवाज झाला, थेंब उडाले. दुसऱ्या खेपेला ती अगारमध्ये रुतली आणि प्लेटवर नांगर फिरवल्यासारखा चर पडला. "लूप गार होऊ द्यायची असते," बाई एवढंच म्हणाल्या. तेव्हा मेट्रो नव्हती. घाटकोपरच्या बसमध्ये मांडीवर ते जर्नल घेऊन मी मुलुंडपर्यंतचा रस्ता कसा काढला, ते माझं मला माहीत.

कॉलेजात आम्हा सहाजणींना मिळून एक प्लेट असायची. जिचा हात चांगला, ती करायची. माझ्या आकृत्या चांगल्या, म्हणून मी आकृत्या काढायचे. तीन वर्षं सगळ्यांचं भागलं.

मुळात चूक त्याआधीची. मेडिकलला जायचं म्हणून अकरावीला गणित सोडलं. दहावीला ते बरं जमत होतं तरी. सीईटीत मेडिकल हुकलं. मग आता 'बायो'चं करायचं काय? त्या दिवसांत बायोटेकची हवा होती. विनाअनुदानित कोर्स, साध्या बीएस्सीच्या कितीतरी पट फी. बाबांनी पीएफमधून पैसे काढले. नाव भारदस्त होतं. हे शिकून रोज सकाळी अकरा वाजता नेमकं काय करायचं असतं, हे आमच्या घरात कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

पुढे एका छोट्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागले. सहा महिने काचेची भांडी धुतली, मीडिया ओतला, ऑटोक्लेव्हपाशी घाम गाळला. हात तिथे बसला. मग मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं. आता मसाले आणि दूध पावडर तपासते. साल्मोनेला शोधायचा तर आधी त्याला वाढू द्यावं लागतं, आजची प्लेट उद्याच वाचावी लागते; रविवार आपला राहत नाही. हे काम मला आवडतं, पण ते असं असतं हे अठराव्या वर्षी कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून ओळखीतलं कुणी 'बायो घेऊ का' असं विचारायला आलं की मी आधी कामं दाखवते. औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारी फार्माकोव्हिजिलन्सची नोकरी म्हणजे दिवसभर स्क्रीनसमोर केसेस वाचणं. तिथे बर्नर दिसणारही नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ व्हायचं तर नुसत्या बीएस्सीवर भागत नाही, डीएमएलटीसारखं काही करावं लागतं. माशांची आवड असेल तर वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, पण तिथलं शिक्षण पदवीनंतरचं. कुठल्या शाखेला कुठली पदवी चालते, ते आधीच बघून ठेवावं. संशोधनात जायचं तर नेट काढून जेआरएफ ही पाठ्यवृत्ती मिळवा. 2023 पासून ती महिना 37,000 रुपये आहे. पीएचडीला मात्र पाच वर्षं सहज जातात, आणि तोवर बरोबरचे इंजिनिअर फ्लॅट बुक करून मोकळे झालेले असतात. हे ज्याला डाचणार असेल, त्याने आधीच स्वतःशी कबूल करावं.

माझा बोरिवलीचा भाचा म्हणतो, "मावशी, मला नॅशनल पार्कात बिबट्यांवर काम करायचंय, मग गणित सोडलं तर चालेल ना?" त्याला म्हटलं, बाबा रे, बिबटे मोजतात कसे ते बघ. कॅमेरा ट्रॅप लावतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, त्यावरून तो ओळखतात. पण फोटोत सगळे येत नाहीत. न आलेल्यांसकट आकडा काढायचा तर संख्याशास्त्रच लागतं. एमएस्सी प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरातही बारावीचं गणित असतंच. भाच्याचं तोंड उतरलं. पण पीसीएमबी घेतलं त्याने. आता पदवीला मेजर-मायनर आलंय. कॉलेज देत असेल तर मायनरला स्टॅटिस्टिक्स घे, असं त्याच्या मागे लागले आहे.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक घरी वाचा. तिथे प्रॅक्टिकल चालू असताना लॅबच्या दारात उभं राहा. एका प्लेटभोवती किती डोकी आहेत ते मोजा. हातात लूप किती जणांच्या, पेन्सिल किती जणांच्या? मायक्रोस्कोप किती, आणि त्यातले चालू किती, हे लॅब असिस्टंटला विचारा. प्राचार्य सगळेच सांगतील. असिस्टंट चालू किती तेवढे सांगेल.