पीक राखणीसाठी छर्ऱ्याची बंदूक : घेण्यापूर्वी हे लक्षात घ्या

चंद्रपूर व गडचिरोली हे जंगलव्याप्त जिल्हे असून येथील बरीचशी शेती वनाला लागून आहे. धान लोंबीवर आले की रानडुकरांचे कळप बांध्यांत उतरतात. रब्बीत हरभरा, लाखोळी व गव्हावर रोही आणि चितळ येतात, तर मका व ज्वारीच्या कणसांवर पोपट बसतात. वर्षाची मेहनत एका रात्रीत आडवी होते. साहजिकच जागलीला जाताना हाताशी काहीतरी असावे म्हणून अनेक शेतकरी छर्ऱ्याच्या बंदुकीची (एअर रायफल) चौकशी करतात. कोणती बंदूक चांगली हे ठरविण्यापूर्वी ती कोणत्या कामाची आहे व कोणत्या नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

बंदुकीचे प्रकार

या बंदुकीत दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोराने शिशाचा छर्रा सुटतो. बाजारात प्रामुख्याने पुढील प्रकार मिळतात.

१) स्प्रिंगची बंदूक : नळी वाकवून स्प्रिंग ताणावी लागते. किंमत कमी व देखभाल सोपी. मात्र झटका बसत असल्याने सरावाशिवाय नेम साधत नाही.

२) पंपाची बंदूक : बंदुकीलाच जोडलेल्या दांड्याने हवा भरतात. झटका कमी, परंतु प्रत्येक वेळी पंप मारावा लागतो.

३) आधी हवा भरून ठेवण्याची बंदूक (पीसीपी) : हातपंपाने किंवा सिलिंडरने टाकीत हवा भरून ठेवतात. नेम सर्वांत अचूक, परंतु किंमत व देखभालीचा खर्च जास्त.

छर्रे साधारणपणे ४.५ मि.मी. (०.१७७ इंच) व ५.५ मि.मी. (०.२२ इंच) या मापांत मिळतात. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या बंदुकीची ताकद २० ज्यूलपेक्षा आणि नळीचे माप ४.५ मि.मी.पेक्षा जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. यांपैकी एकही मर्यादा ओलांडली तर परवाना घ्यावा लागतो. म्हणून ५.५ मि.मी.ची बंदूक विनापरवाना घेऊ नये. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी व पावती जपून ठेवावी.

रानडुकरावर उपयोग होतो का?

अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला तर त्याची ताकद १० ज्यूल भरते. एक किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडले तर जेवढा जोर असतो, जवळपास तेवढीच ही ताकद. रानडुकराची कातडी जाड व खाली चरबीचा थर असतो. छर्रा कातडीत रुततो, जनावर मरत नाही. बिथरलेले जखमी डुक्कर अंगावर येते व सुळ्यांनी मांडी, पोट फाडते. जखम चिघळलेले जनावर काही दिवस शिवारातच दबा धरून राहते आणि सकाळी धान कापायला गेलेल्या बायाबापड्यांना त्याचा धोका होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत रानटी हत्तींचा कळप आला. हत्तीवर छर्रा मारणे म्हणजे स्वतःहून मृत्यूला बोलावणे होय.

शिवाय बंदूक हाती असली की माणूस मचाण सोडून अंधारात डुकरामागे धावतो. ज्या शिवारात डुक्कर येते तेथे त्याच्या मागावर वाघ, बिबटही असू शकतो. गस्तीवरील पोलीस वा वनकर्मचाऱ्यांना दुरून बंदूक छर्ऱ्याची की खरी हे ओळखता येत नाही, ही गोष्टही विसरू नये.

कायदा काय सांगतो?

बंदुकीला परवाना लागत नाही म्हणजे शिकारीला मोकळीक आहे, असे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे प्राण्याला मारण्याचा प्रयत्न करणे व जखमी करणे हीदेखील शिकारच ठरते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार रानडुक्कर व रोही अनुसूची दोनमध्ये आहेत. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही आणि या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन येते. त्यामुळे ताडोबा-अंधारी किंवा चपराळ्याच्या हद्दीतील वाटेने बंदूक नेऊ नये.

उपद्रव फारच वाढल्यास कलम ११ खाली वन विभागाकडे परवानगी मागता येते. रानडुक्कर व रोही यांच्याबाबत राज्य शासनाने २०१५ साली तशी कार्यपद्धती ठरवून दिली. परवानगी मिळाली तरी ते काम परवानाधारक बंदुकीने, अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे.

पक्ष्यांवर छर्रे मारू नयेत

धानाच्या बांधीतील बगळे, मैना व कोतवाल हे लष्करी अळीसारख्या किडी वेचून खातात. कणसे खाणाऱ्या पोपटांसाठी पिकाच्या वर साधारण अर्धा मीटर उंचीवर चकाकणारी फीत पीळ देऊन ताणावी. दाणे दुधात असताना पहाटे व सायंकाळी गोफण, डबे वाजवून राखण करावी.

राखणीसाठी काय करावे?

१) सौरकुंपण : याचा झटका क्षणभराचा असतो, जीव घेत नाही. डुकरांसाठी खालची तार जमिनीपासून १५ ते २० सें.मी. उंचीवर ठेवावी. तारेला गवत टेकू देऊ नये, अन्यथा झटका कमी होतो. अनुदानाबाबत वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.

२) विजेच्या लाईनवरून कुंपणात प्रवाह कधीही सोडू नये. अशा तारांनी वाघांप्रमाणे शेतकऱ्यांचेही जीव गेले आहेत. तो गंभीर गुन्हा आहे.

३) हरभऱ्याभोवती काटेरी करडईच्या तीन-चार ओळी पेराव्यात.

४) लगतच्या शेतकऱ्यांनी मिळून पाळीपाळीने जागल करावी. एकट्याने जाऊ नये. बॅटरी व मोठा आवाज करणारे साधन सोबत ठेवावे.

५) नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पंचनामा होईपर्यंत पीक तसेच ठेवावे. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

मग ही बंदूक कोणासाठी?

नेमबाजीच्या खेळासाठी ती उत्तम आहे. १० मीटर एअर रायफल हा ऑलिंपिकमधील प्रकार असून त्यात ४.५ मि.मी.चाच छर्रा वापरतात. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरो येथे याच प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. घरातील मुलांना गोडी असल्यास साधी स्प्रिंगची, ४.५ मि.मी. मापाची, खांद्याला बेताची बंदूक घ्यावी. निशाणामागे मातीचा उंच ढीग असावा, कारण छर्रा शंभर मीटरच्याही पुढे जाऊन डोळा फोडू शकतो. सराव मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावा, बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी आणि छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुवावेत.

थोडक्यात, छर्ऱ्याची बंदूक निशाणासाठी घ्यावी, पीक राखणीसाठी नव्हे. तेवढाच पैसा चार शेजाऱ्यांनी मिळून सौरकुंपणात घातल्यास पीक वाचेल आणि जागलीला गेलेला माणूसही सुखरूप घरी येईल.