तयार पिठाविषयी भाचीस पत्र

बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा

चि. भाचीस,

प्रथिनयुक्त पॅनकेकचे तयार पीठ आणून त्याचे चॉकलेट मफिन करण्याचा तुझा मनोदय कळला. एवढ्या सोप्या कामात मामाचा सल्ला कशाला, असे तुझ्या मैत्रिणींना वाटले असल्यास नवल नाही. परंतु जे काम सोपे म्हणून विकले जाते, त्यातील कारणे दुसऱ्या कोणी तरी आपल्या वतीने आधीच जाणून ठेवलेली असतात, आणि ती आपणही जाणून घेतल्यावाचून आपले त्या पाकिटावरचे परावलंबन काही सुटत नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पाकीट हाती येताच दर्शनी बाजूची ठळक अक्षरे सोडून मागील तपशील वाच. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावीत असा आपल्याकडे नियम असल्यामुळे, आरंभी पीठ आहे की साखर आणि प्रथिन कितव्या स्थानी आहे, याचा दाखला तेथेच मिळतो. हे प्रथिन बहुधा चीज करताना दुधातून वेगळ्या होणाऱ्या निवळ पाण्यातून काढलेले असते. प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरेसे, असे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविले. तेवढे पुरविण्यास आपल्या शिवारातील तूर, सोयाबीन आणि भुईमूग समर्थ आहेत. सबब मफिन खाऊ समजून खावा, औषध समजून नव्हे.

अशा पिठात बेकिंग पावडर, म्हणजे सोडा आणि कोरडे आम्ल, आधीच मिसळलेली असते. ओलावा आणि उष्णता मिळताच दोहोंच्या संयोगाने वायू सुटतो व पदार्थ फुगतो. म्हणून अधिक फुगावे या लोभाने वरून सोडा घालू नकोस. आम्लाची जोड न मिळालेला सोडा साबणासारखी चव आणतो. लोणार तालुक्यातील मुलीस हे वेगळे सांगावे लागू नये. आपल्या लोणार सरोवराचे पाणी सोड्याच्या क्षारांनीच तीव्र झालेले आहे, आणि अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त लोणारच्या परिसरात काच व साबण करण्याची द्रव्ये मिळतात, अशी नोंद चारशे वर्षांपूर्वीच करून ठेविली आहे. साबण करणारा क्षार, पापडास हलकेपणा देणारा पापडखार आणि केक फुगविणारा सोडा ही एकाच कुळातील भावंडे होत. परंतु एकाच्या जागी दुसऱ्याची नेमणूक करता येत नाही, आणि मात्रा चुकली की तिघेही उपद्रव देतात.

आता कृती. दोन वाट्या पीठ, तीन मोठे चमचे कोको आणि अर्धी वाटी साखर (पीठ गोड असल्यास पाव वाटी) एकत्र चाळून घे. दुसऱ्या भांड्यात एक वाटी दूध, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल आणि एक अंडे, अथवा अंडे चालत नसल्यास एक पिकलेले केळे कुस्करून, फेटून घे. मग ओले कोरड्यात ओतून, कोरडे पीठ दिसेनासे होताच हात थांबव. अधिक घोटल्यास गव्हातील चिकटपणा जागा होऊन मफिन चामट होतात. मिश्रण पाच मिनिटे मुरू दे, कारण प्रथिन पाणी सावकाश शोषते. ते फार घट्ट झाल्यास चमचाभर दूध वाढव. साचे पाऊण भरून, आधी तापविलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर सुमारे पंधरा मिनिटे भाज. दुधाचे हे प्रथिन जास्त उष्णतेने आवळून पदार्थ कोरडा करते, म्हणून येथे दही व तेल यांना काटकसर लागू नाही. आणि काडी टोचली असता तिला एखाददुसरा ओलसर कण चिकटलेला दिसला, की मुदत पुरी झाली असे समजून साचे बाहेर काढ.

ओव्हन नसल्यास अथवा विजेचा भरवसा नसल्यास जाड बुडाच्या कुकरात मिठाचा थर पसरून, वर जाळी ठेवून, रिंग आणि शिट्टी काढून तो मध्यम आचेवर दहा मिनिटे तापव आणि त्यात साचे ठेव. वेळ थोडा अधिक लागेल.

पहिला घाणा लिहिल्याप्रमाणेच कर. पुढे बदल करावासा वाटला तर एका वेळी एकच कर, म्हणजे गुण आणि दोष कोणाच्या खात्यावर मांडावा हे कळेल. आणि हात बसल्यावर पाकीट बाजूस ठेवून दीड वाटी कणीक, अर्धी वाटी चांगले भाजून दळलेले सोयाबीनचे पीठ, दोन लहान चमचे बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ यांचे मिश्रण स्वतः करून पाहा. त्यातील कोणता घटक कशासाठी आहे हे तुला विचारले असता सांगता आले, म्हणजे पाकीट आणावे की न आणावे, हा निर्णय तुझ्या मुखत्यारीत आला असे मी समजेन.

अभ्यास सांभाळून प्रकृतीस जप. सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा