फडावर निघण्यापूर्वी

आमच्या नांदूरघाट परिसरात अजूनही ठाम समजूत आहे, की शुगर आणि बीपी ही बसून खाणाऱ्यांची दुखणी. कोयता चालवणाऱ्या काटक माणसाला ती होत नाहीत. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावर हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा मुकादमापासून भावकीपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न : याला कसा काय? अंगावर मांस नाही, दिवसभर ऊस तोडायचा, रात्री-बेरात्री गाडी भरायची, त्याला?

या प्रश्नाचं उत्तर पुण्यात फार आधी मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, निर्देशांक (बीएमआय) २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वरून सडपातळ, आत चरबी, अशी आपल्या लोकांची ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही ती त्यांना दिसली. हीच आतली चरबी सडपातळ माणसालाही शुगर-बीपीकडे नेते, म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका. तिशी ओलांडली की बीपी आणि शुगर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

दादाची बीपी आणि शुगर दोन्ही आधीच एका शिबिरात सापडली होती. गोळ्या सुरू झाल्या, फडावर गेल्यावर संपल्या, आणि काहीच दुखत नाही म्हणून पुन्हा आणल्या गेल्या नाहीत. खरा धोका इथेच आहे. वाढलेली बीपी बहुतेक वेळा दुखत नाही. रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असतं. रक्ताच्या जादा दाबाने ते दुखावतं, आणि रक्तातली जादा साखर त्याच भिंतीला निबर करते. दुखावलेल्या जागी कोलेस्टेरॉलचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो फुटतो, वर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचं रक्त अडतं. दुसरीकडे, वर्षानुवर्षं जादा दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाची भिंत जाड होत जाते. तंबाखूचा बार या सगळ्यात भर घालतो, तेवढा तरी सोडा.

दादाच्या छातीत कळ आलीच नाही. घाम फुटला, जबडा आवळल्यासारखा झाला, दम लागला. कोपीवरच्यांना पित्त वाटलं, ओवा-सोडा दिला आणि त्यात रात्र गेली. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे झटका न दुखताही येतो, हे तिथे कुणाला ठाऊक असणार? शुगरच्या माणसाला अचानक असा घाम आणि धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका, लगेच १०८ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरं कामाला येतं. जितका उशीर, तितका स्नायू मरतो. दादा वाचला, पण आता त्याला घागर उचलली तरी दम लागतो.

दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. उचल घेताना जशी आठवण ठेवता, तशी गोळ्यांची ठेवा. निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, की आपण हंगामभर बाहेर असू; जमेल तेवढा साठा मागून घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन ही नावं परमुलखातल्या सरकारी दवाखान्यातही ओळखतात. पहाटे उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊन फडात उतरू नका, काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते. भाकरीचे चार घास आधी खा. ठेच्यातलं आणि लोणच्यातलं मीठही कमी करा.

आणि कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असतो, म्हणून तपासणीही दोघांची हवी. ज्या बाईला गरोदरपणात बीपी किंवा शुगर निघाली होती, तिला पुढे दोन्ही दुखण्यांचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो. आमच्या वहिनीला गरोदरपणात बीपी निघाली होती. बाळंतपणानंतर ती कुणी मोजलीच नव्हती. आता घरात दोघांची तपासणी एकाच दिवशी होते.