दोन कर्मे आणि इंग्रजी कर्मणी प्रयोग

'दे गेव्ह हर अ स्कॉलरशिप' या वाक्यात कर्मे दोन. मराठीत 'तिला शिष्यवृत्ती दिली गेली' म्हणताना 'तिला'ची चतुर्थी सुटत नाही. क्रियापद शिष्यवृत्तीच्याच मागे जाते. इंग्रजीत मात्र 'शी वॉज गिव्हन अ स्कॉलरशिप' : घेणारीच कर्त्याच्या जागी बसते! 'टीच', 'सेंड', 'ऑफर' याच वाटेने जातात.

आपली मराठी माध्यमाची मंडळी अडखळतात ती 'एक्सप्लेन'पाशी. 'समजावणे' आणि 'देणे' मराठीत सारखेच चालतात, म्हणून 'शी वॉज एक्सप्लेन्ड द लेसन' हे कानाला खटकत नाही. पण ते अशुद्ध आहे, कारण मूळ कर्तरी वाक्यातच 'एक्सप्लेन हर द लेसन' चालत नाही. 'टू हर' लागते. म्हणून 'द लेसन वॉज एक्सप्लेन्ड टू हर' एवढेच शुद्ध. 'सजेस्ट'चेही तसेच.