आधी बँकेचं पत्र, मग इसार

चि. भाचीबाईस, अकोल्याहून मामाचे अनेक आशीर्वाद.

मूर्तिजापूरच्या लग्नात मामाच्या कानावर आलं, की साईनगरातलं 40 लाखांचं जुनं घर तू नक्की केलंस आणि सोमवारी 2 लाख इसार देणार आहेस. बँकेत मात्र अजून पाऊल टाकलेलं नाहीस. तेव्हापासून मामाला घास गोड लागत नाही. मामी म्हणते, पोरगी शिकलेली आहे, मास्तरीण आहे. शिकलेलीच माणसं घाई करतात, माय!

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत पडलं, गिनीज बुकात नोंद झाली. कर्जाची फाईल त्या वेगानं पळत नाही. पगारपत्रकं, फॉर्म 16, बँक खात्याचा उतारा, सिबिल, स्कूटीचा चालू हप्ता, हे सगळं बघून बँक सांगते तुला किती झेपेल ते. घर शोधायच्या आधीच हे करून तत्त्वतः मंजुरीचं पत्र घेता येतं. स्टेट बँकही अशी आगाऊ मंजुरी देते. पाच बँकांत एकदम अर्ज मात्र टाकू नकोस. प्रत्येक चौकशी सिबिलच्या अहवालात उमटते.

आता हिशेब. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के. म्हणजे 40 लाखांच्या घराला फार तर 32 लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरत नाहीत. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, तरी 8 लाखांच्या वर पैसा घरचाच लागेल. आहे का तेवढा? त्यातले 2 लाख इसारात गेले आणि कर्जच नामंजूर झालं तर?

रेरा आहे ना, म्हणशील. 2016 चा तो कायदा बिल्डरला नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त घेऊ देत नाही. जुनं घर विकणाऱ्या घरमालकाला तो लागू नाही. तिथं इसारचिठ्ठीत लिहिलेलंच चालतं. कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत, ही ओळ तिच्यात आहे का?

पत्र मिळालं म्हणजे सगळं झालं असंही नाही. ती मंजुरी माणसाची, मालमत्तेची निराळी. आपल्या वऱ्हाडात शेतजमिनीवर पडलेले ले-आऊट काय कमी आहेत! अकृषक आदेश, मंजूर नकाशा, गुंठेवारीचं नियमितीकरण, यातल्या एकावर जरी वकिलाचा सर्च अडला तरी फाईल थांबते. म्हणून म्हणतो, इसार शेवटी.

जठारपेठेतलं भाड्याचं घर तुला आठवत नसेल. घरमालकानं ते विकताना आधी आजीलाच विचारलं होतं. बँक सहकर्जदार मागत होती. मामा तेव्हा पंचविशीतला, नोकरीला नुकताच लागलेला. सही करायला त्यानं महिना लावला. तेवढ्यात घर दुसऱ्याचं झालं. आजी त्यावर कधी एक शब्द बोलली नाही, तेच अजून खुपतं.

फार बोलला मामा, मनावर घेऊ नकोस. साईनगरच्या घराच्या अंगणात कडुनिंब आहे म्हणे. तुझ्या पसंतीवर मामाला शंका नाही. घरमालकाला आठवडाभर थांबायला सांग. सोमवारी सकाळच्या एसटीनं मामा येतोय, बँकेत सोबत जाऊ. सहकर्जदाराची सही लागली तर तिथल्या तिथं करीन. मामी ज्वारीची भाकरी, झुणका आणि ठेचा बांधून देणार आहे. तू दुपारचं जेवण टाळतेस असं तुझी आई सांगत होती. डबा दोघांचा आहे, तेव्हा आधी जेवू.

तुझा मामा